बाबांना कळलेले दोन शब्द

दुपारी चारच्या सुमारास भिलाईच्या रिसालीतल्या त्या गल्लीतून जाणाऱ्याला रामटेक्यांच्या अंगणातून एक खडा आवाज हमखास ऐकू यायचा. कुठलातरी अवघड इंग्रजी शब्द, अक्षर अक्षर लावून, मोडूनतोडून उच्चारलेला. त्यापाठोपाठ मुलीचा आवाज, अर्थ सांगणारा. मग पुन्हा पहिला आवाज, "बरोबर!" किंवा "चूक, चूक! पाह्य नीट!"

शब्द विचारणारे होते भय्याजी रामटेके. पोलादाच्या प्लांटमधल्या रेल मिलमध्ये, जिथे रूळ बनतात तिथे, ते क्रेन चालवत. भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात दहावी करून इकडे आले ते इथलेच झाले. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. उत्तरं देणारी होती त्यांची एकुलती एक लेक, दीक्षा. बी. एस्सी. होऊन ती सरकारी भरतीच्या परीक्षांमागे लागली होती. गणिताचं तिला फारसं भय नव्हतं, सामान्य ज्ञान तर तोंडपाठ. घोडं अडायचं इंग्रजीत. हिंदी माध्यमातून शिकलेली मुलगी. साधं इंग्रजी समजायचं, पण परीक्षेत येणारे शब्द म्हणजे कोणी कधी बोलताना न ऐकलेले. तेव्हा तिने घरात साठलेल्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून त्यांची कार्डं केली. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठीत अर्थ. आणि फर्स्ट शिफ्ट करून आलेले बाबा चहा पिऊन झाले की कार्डांचा गठ्ठा घेऊन तिच्यासमोर बसायचे.

भय्याजींना त्या खेळाची गोडी लागली होती. विचारता विचारता अर्थ त्यांच्याही डोक्यात बसायचे. 'ऑब्स्टिनेट'चा अर्थ हट्टी हे कळलं, तेव्हापासून ते बायकोला, शेवंताबाईंना, त्याच नावाने हाक मारत. शेवंताबाई म्हणत, "मले शिव्या देऊन राहिला का हा माणूस?" आणि बापलेक हसत सुटत.

त्या हिवाळ्यात मात्र भय्याजींच्या मानेवर, कानाच्या खाली, एक गाठ आली. दुखायची नाही, म्हणून त्यांनी लक्षच दिलं नाही. शेवंताबाईंनी आरडाओरडा केला तेव्हा कुठे ते डॉक्टरकडे गेले. इथल्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि पुढचं रायपूरच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा, असं सांगितलं. नेमक्या त्याच वेळी अहिवाऱ्याला शेवंताबाईंच्या बहिणीच्या सुनेचं बाळंतपण आलं. जाऊ की नको, जाऊ की नको करत त्या गेल्या. जाताना दीक्षाला म्हणाल्या, "डॉक्टर काय म्हणते ते नीट आयकजो. तुह्या बापाले काही इचारता येत नाई."

रायपूरला जायच्या आदल्या दुपारीही कार्डं झाली. भय्याजींनी एक उचललं आणि वाचलं, "मॅलिंगर."

दीक्षाला आठवेना. त्यांनी कार्ड उलटं केलं आणि सावकाश वाचलं, "काम टाळण्यासाठी आजारी असल्याचं सोंग करणे." मग मान वर केली. "याच्यासाठी बी शब्द आहे या इंग्रजीवाल्यायजवळ?"

"आहे ना बाबा. इंग्रजीत सगळ्यासाठी आहे."

"असन. साहेब लोकायले लागत असन." त्यांनी ते कार्ड गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलं आणि पुढचं घेतलं. "इंडोलेंट."

"आळशी. सुस्त."

"बरोबर."

दुसऱ्या दिवशी ते रायपूरला डॉक्टरांसमोर बसले होते. डॉक्टर चाळिशीतले, चटपटीत, स्वभावाने वाईट वाटले नाहीत. त्यांनी रिपोर्ट वाचला, भय्याजींची मान, काखा दाबून पाहिल्या आणि खुर्चीत बसत दीक्षाला हिंदीत विचारलं, "आप पढ़ी-लिखी हैं?" तिने मान हलवताच ते इंग्रजीत सुरू झाले.

का, ते तिला लगेच कळलं. बाबांना समजू नये म्हणून. बाबा शेजारच्या स्टुलावर, शर्टाची वरची गुंडी उघडी, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते आणि डॉक्टरांच्या तोंडाकडे एकटक बघत होते. दीक्षाने एकेक शब्द पकडायचा प्रयत्न केला. लिम्फोमा. हा कॅन्सर, एवढं तिला माहीत होतं. मग डॉक्टर म्हणाले की गाठ मॅलिग्नंट आहे, पण चांगली गोष्ट ही की प्रकार इंडोलंट आहे. हे म्हणताना त्यांनी एकदा भय्याजींकडे बघितलं. पुढे बरंच काही बोलले. कदाचित आता लगेच काहीच करावं लागणार नाही, पण आजार कुठवर गेलाय ते बघायला सगळ्या अंगाचं स्कॅन हवं, पुढच्या गुरुवारी सकाळी या. शेवटी भय्याजींच्या खांद्यावर हात ठेवून ते हसले. "टेन्शन नहीं लेना बाबूजी. आराम करो."

बाहेर आल्यावर भय्याजींनी विचारलं, "काय म्हणे?"

"गाठ आहे, बाबा. इन्फेक्शनची. एक मोठा फोटो काढावा लागते."

"एवढंच?"

"हाव."

"इतका बोलला तो, अन् एवढंच?"

दीक्षाने रस्त्याकडे तोंड फिरवलं. बस कुम्हारी ओलांडून चरोद्याला आली तरी बाबा खिडकीबाहेरच बघत होते. तिला वाटलं, बाबा थकलेत. घरी आल्यावर त्यांनी जेवणाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवसासाठी त्यांनी रजा टाकली होती. ती रद्द करून ते पहाटेच कामावर गेले.

त्या दिवशी दुपारी कार्डं निघाली नाहीत. दीक्षा गठ्ठा घेऊन अंगणात बसली, तर ते म्हणाले, "तू वाच तुह्यी. माह्यं काही काम नाई त्याच्यात," आणि शिडी लावून छतावर चढले. महिन्यापासून गळणारी टाकी त्यांनी एकट्याने दुरुस्त केली. खाली उतरले तेव्हा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. दीक्षा म्हणाली, "बाबा, डॉक्टरनं आराम करायले सांगितलं ना."

त्यांनी तिच्याकडे एकदा रोखून बघितलं आणि शिडी उचलून घरामागे नेली.

त्यानंतर त्यांनी डबल ड्यूटी धरायला सुरुवात केली. कोणाची शिफ्ट रिकामी दिसली की आपलं नाव पुढे करायचं. घरी आले की अंघोळ, दोन घास आणि भिंतीकडे तोंड करून झोप. दीक्षाशी कामापुरतं बोलणं. तिला वाटू लागलं, यांना कळलंय. नक्की कळलंय. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून, नाहीतर माझ्या. आणि हा माणूस आता मुद्दाम स्वतःला झिजवून संपवायला निघालाय.

गुरुवारनंतरच्या रविवारी तिची परीक्षा होती. ती कार्डं उलटत बसायची आणि एकही शब्द डोक्यात शिरायचा नाही. शिरायचे ते भलतेच. मोबाइलवर त्या आजाराबद्दल शोधत बसायची. तिथे प्रत्येक ओळीत एखादा शब्द असा असायचा की ज्याचा अर्थ तिने महिनाभरापूर्वी हसत हसत पाठ केला होता. आणि एक पाठ न केलेलाही, 'इन्क्युरेबल'. बरा न होणारा. हा तर सोपा म्हणून तिने त्याचं कार्डही केलं नव्हतं.

आईचा फोन रोज यायचा. "काय म्हणे डॉक्टर?"

"काही नाही आई. साधी गाठ आहे. तू ये आरामात."

"बाप जेवते ना नीट?"

"हाव."

फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच किळस यायची. एकदा बोललेलं खोटं आता दोघांना पुरवावं लागत होतं.

बुधवारी संध्याकाळी शेजारचे मारोतराव फाटकाशी थांबले. ते भय्याजींच्याच मिलमध्ये होते. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "दीक्षा बेटा, घरी काही झालं का? तुहा बाप मिलमंदी कोणासंग बोलून नाई राहिला. काल जेवाच्या टायमाले मले म्हणते, 'मारोत, खरं सांग, मी तुले कामचोर वाटतो का?' आता सांग, हा काय प्रश्न झाला?"

दीक्षालाही त्याचा उलगडा झाला नाही. पण रात्रभर तेच मनात घोळत राहिलं.

गुरुवारी पहाटे तिला जाग आली ती स्कूटरचा स्टँड काढल्याच्या आवाजाने. ती तशीच अनवाणी बाहेर धावली. भय्याजी ड्यूटीचे बूट घालून, हेल्मेट चढवून तयार होते.

"बाबा, आज रायपूरला जायचं आहे."

"तू जा. मी ड्यूटीवर जाऊन राहिलो."

"स्कॅन तुमचं आहे, माझं नाही!"

"माह्यं काहीच नाई. मी धडधाकट हावो. बाजूले हो."

ती फाटक धरून उभी राहिली. "नाही होणार. माझ्यावरून गाडी घालून जा. तुम्हाला मरायचं आहे का? काय चालवलं आहे तुम्ही आठ दिवस? कावून असं करून राहिले तुम्ही?"

"कावून?" भय्याजींनी हेल्मेट काढलं. डोळे लाल झाले होते. "मले इचारते कावून? तुले वाटते तुह्या बापाले इंग्रजी समजत नाई? रोज तुह्यासंग बसून बसून मी काय माश्या मारल्या? त्यानं माह्यासमोर माह्या पोरीले सांगितलं. मॅलिंगर. बिमारीचं सोंग करणारा. इंडोलेंट. आळशी. माह्याकडं पाहून सांगितलं, अन् वरून हासला. आराम करो म्हणे! अन् तू आपली मान हालवून राहिली होती. माह्यी पोरगी. हाव, हाव, म्हणून."

दीक्षाने फाटक सोडलं.

भय्याजींचा बांध फुटला होता. ते भरभर बोलत होते, थांबता येत नसल्यासारखे. "तू लहान होती. मले कावीळ झाली होती, डोळे पिवळे हळद. बरा होऊन ड्यूटीवर गेलो तं एक साहेब साऱ्या शिफ्टसमोर म्हणते, 'ये लोग तो सिक लेने में उस्ताद हैं.' ये लोग! मी एकटा नाई, ये लोग. सारे हासले. मी खाली पाहून उभा राहिलो. त्या दिवसापासून मी सिक, बिमारीची सुट्टी, घेतली नाई. तापात गेलो, पाय मुरगळला तरी गेलो. कोणाले म्हणायले जागा ठेवली नाई. अन् आता नोकरीतून जाता जाता हा डॉक्टर..." ते पायरीवर खाली बसले.

अजून उजाडायचं होतं. गल्लीत कोणाच्या तरी घरी नळाला पाणी आलं होतं, बादल्यांचे आवाज येत होते. दीक्षा बापासमोर उभी होती आणि तिला स्पष्ट दिसत होतं की या माणसाला त्याची अब्रू परत द्यायची असेल, तर त्याच हाताने दुसरी गोष्टही द्यावी लागणार आहे. त्यांना अपमान झाला असंच समजू दिलं तर ते असेच ड्यूटीवर जातील. सांगितलं तर... तिने एकदा फाटकाबाहेर बघितलं, जणू आई आत्ता येईल आणि हे काम आपल्या अंगावर घेईल.

ती त्यांच्याजवळ पायरीवर बसली.

"बाबा, डॉक्टर मॅलिंगर नाही म्हणाले."

"मी आयकलं माह्या कानानं."

"मॅलिग्नंट म्हणाले. तो वेगळा शब्द आहे. त्याचं कार्ड मी केलंच नव्हतं."

"मंग त्याचा काय अर्थ?"

परीक्षेत विचारला असता तर तिने डोळे मिटून चार पर्यायांतला बरोबर निवडला असता. भय्याजी वाट बघत होते, रोज दुपारी कार्ड हातात घेऊन बघत तसेच.

"गाठ कॅन्सरची आहे, बाबा," ती म्हणाली. "आणि इंडोलंट तुम्हाला नाही म्हटलं. आजाराला म्हटलं. सुस्त आजार आहे, हळूहळू चालणारा. ते चांगलं आहे, असं सांगत होते ते. तुमच्याकडे पाहून हसले ते त्यासाठी."

हातातलं हेल्मेट भय्याजींनी पायरीवर ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे त्यानं मले सोंगाड्या नाई म्हटलं?"

"नाही."

"आळशी बी नाई?"

"नाही, बाबा."

त्यांनी लांब श्वास सोडला. खांदे खाली आले, चेहरा सैल झाला. दीक्षाला ओरडावंसं वाटलं. कॅन्सर म्हटलं मी, ऐकलं का तुम्ही? पण बापाच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं, ते समाधानच होतं, आणि ते बघून तिलाच हुंदका आला. भय्याजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पण तू खोटं बोलली माह्यासंग."

"हाव."

"परत नको बोलू. जे असन ते सांग." मग ते वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले. "रायपूरची गाडी किती वाजता आहे?"

ते पोहोचले तेव्हा उशीर झाला होता. स्कॅनच्या खोलीबाहेरच्या माणसाने आधी कुरकुर केली, मग सगळ्यांच्या शेवटी घेतो म्हणून बसवून ठेवलं. तेवढ्यात भय्याजी उठले आणि डॉक्टरांच्या दारात जाऊन उभे राहिले. दीक्षा मागे धावली. भय्याजी आयुष्यात कधी कुठल्या साहेबाच्या दारात असे उभे राहिले नव्हते; त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"साहब, मेरी बीमारी की बात मेरे को बोलिए. हिंदी में बोलिए. ये मेरी बेटी है, डाकिया नहीं है."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. क्षणभर दीक्षाला वाटलं, आता हे चिडणार. पण त्यांनी आपली खुर्ची ओढून भय्याजींच्या समोर आणली आणि साध्या हिंदीत सगळं सांगितलं. हा आजार मुळापासून जाईलच अशी खात्री मी देत नाही. पण हा सावकाश चालतो. पुष्कळ लोक वर्षानुवर्षं काही औषध न घेताही राहतात. स्कॅन बरं निघालं तर आपण नुसतं लक्ष ठेवू, वाढला तर औषध सुरू करू.

"काम कर सकता हूँ?"

"जितना बने, उतना कीजिए."

"और सिक लेना पड़े तो?"

डॉक्टरांना प्रश्नाचं वजन कळलं नसावं. ते सहज म्हणाले, "तो लीजिए. मैं लिख के दूँगा."

भीती आली ती स्कॅन आटोपून परतताना, गाडीत. भिलाई पॉवर हाउस स्टेशन जवळ आलं तशी भय्याजींनी दीक्षाचं मनगट घट्ट धरलं. "दीक्षा," ते म्हणाले, "मेलो तं तुह्या मायचं कसं होईन?" आठ दिवस ती जे एकटीने ओढत होती, ते आता त्यांच्याही अंगावर आलं होतं. स्टेशन आलं तरी त्यांनी तिचा हात सोडला नाही.

शेवंताबाई शनिवारी आल्या. भय्याजींनी स्वतः सांगितलं, स्वयंपाकघराच्या दारात बसून, दीक्षाला मध्ये बोलू न देता. शेवंताबाई रडल्या नाहीत. आधी त्यांनी हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि मग दोघांवर अशा काही कडाडल्या की मारोतराव त्यांच्या दारातून डोकावले.

"मी रोज फोन करून राहिली अन् ही म्हणते साधी गाठ आहे! अन् हा आपला छतावर चढून राहिला! मले इंग्रजी येत नाई म्हणून मले कोणी काही सांगाचंच नाई का? त्याच्या मानेवरची गाठ पाह्यली कोणं? मी पाह्यली!"

दीक्षाने आईचे पाय धरायला हात पुढे केला, तो त्यांनी झटकून टाकला. संध्याकाळपर्यंत त्या दोघांशीही बोलल्या नाहीत. मात्र रविवारी सकाळी दीक्षा परीक्षेला निघाली तेव्हा तिच्या डब्यात पुऱ्या होत्या.

त्या वर्षी दीक्षा पास झाली नाही. इंग्रजीचा पेपर बरा गेला, पण बाकीच्या पेपरांत लक्ष लागलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बसली आणि बालोदला टपाल खात्यात लागली. भय्याजींचा आजार काही काळ खरंच सुस्त पडून राहिला. निवृत्तीच्या समारंभात त्यांना हार घातला तेव्हा मानेवरची गाठ होती तेवढीच होती. त्यानंतरच्या वर्षी ती वाढली, काखेतही आली, आणि सलाइनमधून औषधं सुरू झाली. केस गेले, तोंडाची चव गेली. दोनदा ताप इतका चढला की दीक्षाला बालोदहून धावत यावं लागलं. औषधांचा तो फेरा आता संपलाय. ते अंगणात पेरूच्या झाडाला आळं करतात, थकले की बसतात. पुढे काय, ते कोणालाच माहीत नाही.

तपासणीला आता तिघंही जातात. डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत शेवंताबाई बसतात, बापलेक मागे उभे राहतात. त्या आपल्या हिंदीत, मध्येच छत्तीसगढी घालत, एकेक गोष्ट विचारतात आणि उत्तर नीट कळल्याशिवाय खुर्ची सोडत नाहीत. बाहेर रांग खोळंबते. डॉक्टर घड्याळाकडे बघतात, मग पुन्हा पहिल्यापासून सांगतात.